लंडनचा अर्ज, मुंबईचे कागद

ब्रिटिश नागरिकत्वासाठी अख्ख्या घराचा मिळून एक अर्ज करता येत नाही. आई, वडील आणि दोन मुलं असतील तर अर्ज चार होतात. फी चौघांची वेगळी, निर्णय चौघांचा वेगळा, आणि पुष्कळदा कायद्याची कलमंही वेगळी. तरी एकाच्या कागदातली चूक दुसऱ्याच्या अर्जाला नडते, कारण मुलाच्या अर्जात आईवडिलांची नावं असतात आणि आईच्या अर्जात वडिलांची. म्हणून फॉर्म उघडण्याआधी दोन कामं पुरी झालेली असावीत: कोण कोणत्या वाटेने जाणार ते ठरवणं, आणि सगळ्यांच्या कागदांवर नावं सारखी आहेत का ते पाहणं. यातलं दुसरं काम बहुतेक वेळा मुंबईतच होतं. लंडनहून, लेस्टरहून किंवा स्लाउहून फोन येतो, ‘बाबा, वॉर्ड ऑफिसातून जन्मदाखला काढून पाठवा,’ आणि धावपळ दादर, पार्ल्याच्या आजीआजोबांना करावी लागते. हे लिहितोय ते दोन्ही टोकांच्या माणसांसाठी.

आधी वाटा बघू. प्रौढांचं नॅचरलायझेशन, म्हणजे परदेशी माणसाने अर्ज करून नागरिकत्व घेणं, १९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम ६ खाली होतं आणि त्याचा फॉर्म एएन. ६(१) ची वाट पाच वर्षांच्या वास्तव्याची आहे. तिच्यात आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, मिळून बारा महिने झालेले असावे लागतात, आणि पुढेही ब्रिटनमध्येच राहण्याचा इरादा असावा लागतो. ६(२) ची वाट ब्रिटिश नागरिकाच्या नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी. तिच्यात तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं आणि आयएलआर हातात आला की बारा महिने थांबावं लागत नाही. हा फरक कामाचा आहे. नवरा आधी गेला, बायको दीड-दोन वर्षांनी डिपेंडंट व्हिसावर गेली, असं आपल्याकडे सर्रास होतं. मग दोघांच्या आयएलआरच्या तारखांत अंतर पडतं. अशा घरात नवऱ्याने आधी नागरिकत्व घेतलं, तर बायकोला आयएलआर मिळाल्यावर लगेच ६(२) खाली अर्ज करता येतो. दोघांनी एकाच दिवशी अर्ज करण्याचा हट्ट धरला तर त्यात वेळच जातो.

अठरा वर्षांखालच्या मुलांचं नॅचरलायझेशन होत नाही, रजिस्ट्रेशन होतं, आणि त्याचा नेहमीचा फॉर्म एमएन वन. मुलाचा जन्म कुठे आणि कधी झाला, यावर सगळं अवलंबून. मुंबईत जन्मलेलं आणि आईवडिलांबरोबर तिकडे गेलेलं मूल कलम ३(१) खाली जातं. इथे निर्णय होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या, विवेकावर असतो. मूल स्वतः सेटल्ड, म्हणजे आयएलआर मिळालेलं, असावं, त्याचं भवितव्य ब्रिटनमध्ये आहे असं दिसावं, आणि पालकांपैकी एक ब्रिटिश किंवा ब्रिटिश होण्याच्या वाटेवर व दुसरा निदान सेटल्ड असावा, अशी अपेक्षा असते. आईवडिलांबरोबरच अर्ज केला आणि त्यांचाच फेटाळला गेला, तर मुलाचाही बहुधा फेटाळला जातो. ब्रिटनमध्ये जन्मलेलं, पण जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी कोणालाच आयएलआर नव्हता, असं मूल कलम १(३) खाली येतं. पालकांपैकी एकाला आयएलआर मिळाला की त्या मुलाला रजिस्ट्रेशनचा हक्क मिळतो, आईवडील नागरिक होईपर्यंत थांबायची गरज नाही.

तिसरा प्रकार मात्र अनेक घरांच्या लक्षात येत नाही. आईला किंवा वडिलांना आयएलआर मिळाल्यानंतर ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल जन्मतःच ब्रिटिश असतं. त्याच्यासाठी एमएन वन भरायचा नसतो. त्याचा ब्रिटिश जन्मदाखला आणि जन्माच्या दिवशी पालकाकडे आयएलआर असल्याचा पुरावा लावून सरळ पासपोर्टसाठी अर्ज करायचा. अशा मुलासाठी फी भरून रजिस्ट्रेशन मागणं म्हणजे शुद्ध नुकसान. म्हणून धाकट्याची जन्मतारीख आणि आयएलआरच्या निर्णयाची तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा.

याच ओघात बाळंतपणाचं बोललं पाहिजे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे मुंबईला यायची रीत अजून टिकून आहे आणि ती सुखाचीच आहे, पण तिचा हिशेब आधी मांडा. आईवडील दोघेही आयएलआरवर असताना मूल मुंबईत जन्मलं तर ते ब्रिटिश होत नाही, त्याला परत नेण्यासाठी व्हिसा काढावा लागतो. त्यांच्यापैकी एक जण नॅचरलाइज झाल्यावर मूल मुंबईत जन्मलं तर ते ब्रिटिश असतं, पण ‘बाय डिसेंट’. म्हणजे पुढे त्या मुलाचं मूल ब्रिटनबाहेर जन्मलं तर त्याला नागरिकत्व आपोआप मिळत नाही. शिवाय माहेरी काढलेले पाच-सहा महिने आईच्या गैरहजेरीत मोजले जातात, आणि इथेच नवराबायकोचे हिशेब वेगळे होतात. त्याचे दिवस बसतात, तिचे बसत नाहीत.

दिवसांचा हिशेब

६(१) मध्ये पाच वर्षांत ब्रिटनबाहेरचे ४५० पेक्षा जास्त दिवस चालत नाहीत, आणि अर्जाआधीच्या शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नाहीत. ६(२) मध्ये तीन वर्षांत २७०, आणि शेवटच्या वर्षात तेच ९०. थोडी सूट असते. बाकी अटी पुऱ्या असतील तर ४८०, ३०० आणि शेवटच्या वर्षाचे १०० दिवस सहसा चालवून घेतले जातात. त्यापुढे मात्र कारण आणि पुरावे द्यावे लागतात. वडिलांच्या आजारपणासाठी मुंबईत राहावं लागलं असेल तर इस्पितळाची डिस्चार्ज समरी आणि बिलं जपून ठेवा. ‘घरगुती अडचण’ एवढं लिहून भागत नाही.

मोजायचे ते पूर्ण दिवस. निघालेला दिवस आणि पोहोचलेला दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. समजा १२ डिसेंबरला रात्री हीथ्रोहून विमान धरलं आणि ५ जानेवारीला सकाळी परत उतरलात, तर गैरहजेरी १३ डिसेंबर ते ४ जानेवारी, म्हणजे २३ दिवस. आता मुंबईचे शिक्के बघा. येतानाचा शिक्का १३ तारखेचा असतो, कारण विमान दुसऱ्या दिवशी उतरलं. जातानाचं विमान पहाटे दोनचं, पण इमिग्रेशन रात्री साडेअकराला उरकलं तर शिक्का ४ तारखेचा, आणि रांग लांबून बारा वाजून गेले तर ५ तारखेचा. शिक्क्यांवरून तारखा उतरवणाऱ्यांचे दर फेरीला एक-दोन दिवस असेच हुकतात. फॉर्ममध्ये ब्रिटन सोडल्याची आणि ब्रिटनमध्ये परतल्याची तारीख लिहायची असते, मुंबईची नाही.

तरीही मुंबईचे शिक्के अनमोल आहेत, कारण ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. पाच वर्षांत पासपोर्ट बदलला असेल तर जुना रद्द पासपोर्ट टाकू नका, त्याच्या सगळ्या पानांचं स्कॅन करा. मुंबई विमानतळावर ई-गेटने जाणाऱ्यांनी शिक्क्यावर विसंबू नये, विमान कंपनीची कन्फर्मेशनची मेल आणि बोर्डिंग पास प्रत्येक फेरीच्या फोल्डरमध्ये ठेवावा. अगदीच मेळ बसत नसेल तर होम ऑफिसकडे सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट करून स्वतःच्या प्रवासाची नोंद मागवता येते, त्याला फी नाही. दुबई किंवा ॲमस्टरडॅमच्या ऑफिसच्या फेऱ्याही त्याच तक्त्यात उतरवा. सोमवारी जाऊन मंगळवारी परतलात तर गैरहजेरी शून्य दिवस, तरी फेरी लिहायचीच.

दिवस बसले तरी एक तारीख अडवू शकते. पाच वर्षांच्या मुदतीच्या अगदी पहिल्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हवेत. अर्ज २० मे २०२६ ला केला तर तो दिवस २१ मे २०२१. तेव्हाचं आठवून बघा: २३ एप्रिल ते ८ ऑगस्ट २०२१ या काळात भारत ब्रिटनच्या रेड लिस्टवर, म्हणजे कोविडमुळे प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांच्या यादीत, होता आणि कित्येक जण मुंबईत अडकून पडले होते. २०२२ च्या नॅशनॅलिटी अँड बॉर्डर्स ॲक्टनंतर ही अट शिथिल करण्याचा अधिकार होम ऑफिसला मिळाला आहे, पण माझं मत विचाराल तर सूट मागत बसू नये. थोडं थांबावं आणि पहिला दिवस परतल्यानंतरच्या तारखेवर येईल असा अर्ज करावा. फक्त पुढे सरकताना शेवटच्या बारा महिन्यांचे ९० दिवस पुन्हा मोजायचे. गणपतीला आणि पुन्हा नाताळच्या सुट्टीत आलेल्यांचा आकडा तिथे फुगलेला असतो.

नावं

अर्ज लांबतात ते बहुतेक इथे. आपली नाव लिहायची पद्धत तीन शब्दांची, ब्रिटनची दोन खान्यांची. भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ‘सरनेम’मध्ये आडनाव. व्हिसावर तेच उतरतं, ई-व्हिसावर तेच, आणि नॅचरलायझेशनच्या सर्टिफिकेटवरही तेच छापून येतं. मधलं नाव गाळायचं असेल, माहेरचं आडनाव परत घ्यायचं असेल किंवा स्पेलिंग सुधारायचं असेल, तर ते नागरिकत्वाच्या अर्जाआधी करा. आधी भारतीय पासपोर्ट नव्या नावाने री-इश्यू, मग ई-व्हिसाच्या खात्यात नवा पासपोर्ट आणि नाव, मग फॉर्म एएन. पुढे करू म्हणून सोडलं तर ब्रिटिश पासपोर्ट ऑफिस सगळ्या ओळखपत्रांवर एकच नाव मागतं, आणि तोवर दुरुस्तीसाठी भारतीय पासपोर्टही हाती उरलेला नसतो.

लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची चाल आता कमी झाली आहे, पण चाळिशी-पन्नाशीतल्या कित्येक स्त्रियांचे कागद दोन नावांचे आहेत: शाळा सोडल्याचा दाखला आणि पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. फॉर्ममध्ये आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात, ती सगळी लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, गाळल्यावर मात्र शंका येते. दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद. राजपत्राचं काम चर्नी रोडच्या शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन होतं. नोटरीसमोरचं ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ हे प्रतिज्ञापत्र सोबत जोडायला ठीक, पण केवळ त्याच्या भरवशावर अर्ज करू नये.

मुलांच्या जन्मदाखल्यावरची गोम वेगळी आहे. इस्पितळ जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत पालिकेला कळवतं, आणि बारसं व्हायच्या आधी कळवलं तर नावाचा रकाना कोराच राहतो. शाळेत आणि पासपोर्टच्या वेळी कसंबसं निभावलेलं असतं, एमएन वनच्या वेळी तो कोरा रकाना समोर येतो. नाव नंतर घालता येतं: पहिल्या बारा महिन्यांत फी न देता, आणि त्यानंतर नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मूल चौदा वर्षांचं असेल तर हे काम या सुट्टीतच उरका.

दाखला कुठे मिळेल? जिथे जन्म झाला तिथे, घर कुठे आहे त्याचा संबंध नाही. घर डोंबिवलीत आणि बाळंतपण परळच्या केईएममध्ये, तर नोंद महापालिकेच्या एफ/दक्षिण विभागात. माहेर दादर पश्चिमेला आणि नर्सिंग होमही तिथलंच, तर जी/उत्तर. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या स्वतंत्र महापालिका, त्यांची नोंद मुंबईत सापडणार नाही. विभाग कार्यालयाच्या नागरी सुविधा केंद्रात जाताना जन्मतारीख, इस्पितळाचं नाव, आईचं तेव्हाचं पूर्ण नाव आणि असेल तर नोंदणी क्रमांक लिहून न्या. आजोबा जाणार असतील तर मुलाने सही केलेलं अधिकारपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत सोबत हवी. आईचं नाव मुद्दाम सांगतोय. इस्पितळाच्या केसपेपरवर कधी माहेरचं नाव असतं, तर कधी घरात हाक मारतात ते, आणि दाखल्यावर तेच आलेलं असतं. स्पेलिंगची किंवा नावाची चूक असेल तर वॉर्डाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. मूळ नोंद खोडली जात नाही, तिच्या समासात दुरुस्तीची नोंद होते, आणि नव्या दाखल्यावर ती दिसते. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करा.

आताचे दाखले मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात, जुने हाताने लिहिलेले फक्त मराठीत. त्यांचं भाषांतर लागतं. भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील त्यावर असावा. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर जोडू नका. दाखला आणि भाषांतर एकाच पीडीएफमध्ये, आधी मूळ मग भाषांतर, असं लावा. ॲपोस्टिलसाठी, म्हणजे परदेशात चालावा म्हणून कागदावर घ्यायच्या सरकारी शिक्क्यासाठी, मात्र पैसे घालवू नका, या अर्जात ते मागत नाहीत.

विवाहाचा दाखला सगळ्यांना लागेल अशी समजूत आहे. ६(२) ला तो लागतोच. ६(१) खाली स्वतंत्रपणे जाणाऱ्या नवराबायकोला त्याची गरज प्रामुख्याने नाव बदललं असेल तर, किंवा मुलाच्या अर्जात आईची ओळख जुळवायला. ज्यांचं लग्न कधी नोंदलंच नाही त्यांना महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली आजही नोंदणी करता येते, पण त्यासाठी दोघांनी आणि तीन साक्षीदारांनी प्रत्यक्ष यावं लागतं. पुढच्या मुंबई भेटीत त्यासाठी एक दिवस राखून ठेवा आणि लग्नपत्रिका शोधून काढा, ती तिथे कामाला येते.

बाकीचे पुरावे

नोकरी करणाऱ्याचं वास्तव्य सिद्ध करणं सोपं: पाच वर्षांचे पी-सिक्स्टी (पगार आणि कापलेल्या कराचे वार्षिक दाखले) आणि कंपनीचं पत्र. घर सांभाळणाऱ्या बाईकडे मात्र तिच्या नावाचा कागदच नसतो, कारण काउन्सिल टॅक्स (तिकडची घरपट्टी) नवऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर आणि बँक खातंही त्याचंच. अर्जाच्या आधी दोन-तीन वर्षं हे बदलायला हवं. काउन्सिल टॅक्सवर दोघांची नावं घाला, बँकेत तिचं खातं उघडा. उशीर झालाच असेल तर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंद असल्याचं पत्र, आणि मुलांच्या शाळेकडून ती पालक म्हणून संपर्कात असल्याचं पत्र मागा.

लाइफ इन द यूके टेस्ट आणि इंग्रजीची अट १८ ते ६४ वयाला आहे, ६५ पूर्ण झालेल्यांना दोन्ही माफ. टेस्ट २४ प्रश्नांची, ४५ मिनिटांची, पास व्हायला १८ उत्तरं बरोबर लागतात, फी ५० पाउंड. आयएलआरच्या वेळी पास झाला असाल तर तोच निकाल चालतो, त्याची मुदत संपत नाही. इंग्रजी बी-वन पातळीचं हवं. आयएलआरला मान्य झालेला पुरावा इथेही चालतो. मुंबई विद्यापीठाची पदवी पुढे करायची तर नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, कारण होम ऑफिसच्या इंग्रजीभाषक देशांच्या यादीत भारत नाही. एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून पदवीची तुल्यता आणि शिक्षण इंग्रजी माध्यमात झाल्याची पुष्टी, दोन्ही घ्यावी लागतात. ज्यांच्या कागदांत आधीच दोन नावं आहेत त्यांनी सरळ बी-वनची तोंडी परीक्षा द्यावी, एक्टिसच्या पत्रव्यवहारापेक्षा ती लवकर होते.

रेफरी, म्हणजे तुमची ओळख देऊन सही करणारे, दोन लागतात, तीन वर्षं ओळखणारे. एक व्यावसायिक, कुठल्याही राष्ट्रीयत्वाचा, आणि दुसरा ब्रिटिश पासपोर्टधारक, जो व्यावसायिक तरी असावा किंवा २५ पेक्षा मोठा तरी. ते तुमचे नातेवाईक नसावेत आणि एकमेकांचेही नसावेत. जवळच्या मित्राची आणि त्याच्या बायकोची अशा दोन सह्या घेतल्या जातात आणि अर्ज तिथे अडकतो. मुलाच्या अर्जासाठी एक रेफरी मुलाशी कामानिमित्त संबंध असलेला हवा, वर्गशिक्षिका सगळ्यांत उत्तम. शाळा सुटायच्या आत तिची सही घ्या, जुलैच्या शेवटी शाळा बंद झाली की सप्टेंबरपर्यंत कोणी भेटत नाही.

चांगल्या वर्तणुकीची अट दहा वर्षं आणि त्यावरच्या मुलांनाही लागू आहे. कोर्टात गेलेलं वेगमर्यादेचं प्रकरण, दंड, जुना नाकारलेला व्हिसा, स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न करखात्याला एक आणि व्हिसाच्या अर्जात दुसरं दाखवलेलं, हे सगळं होम ऑफिसच्या नोंदीत असतंच. छोटी चूक सांगितल्याने अर्ज फेटाळला जाईलच असं नाही. फसवणूक ठरली तर मात्र पुढची दहा वर्षं साधारण दार बंद.

एप्रिल २०२५ मध्ये फी प्रौढाला १,६०५ पाउंड, वर समारंभाचे १३०, मिळून १,७३५ होती. मुलाला १,२१४. दोघं आणि दोन मुलं म्हणजे तेव्हा ५,८९८ पाउंड. अर्ज नाकारला तर समारंभाचे पैसे तेवढे परत मिळतात. दर नव्या आर्थिक वर्षात आकडे बदलू शकतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी पुन्हा बघा. अर्ज ऑनलाइन भरून, कागद अपलोड करून बायोमेट्रिक दिले की पासपोर्ट तुमच्याकडेच राहतो. निर्णयाला साधारण सहा महिन्यांपर्यंत लागतात आणि त्या काळात मुंबईला येऊन जायला हरकत नाही.

मंजुरीनंतर

प्रौढ माणूस नागरिक होतो तो समारंभात शपथ घेतल्यावर, पत्र आल्याच्या दिवशी नाही. बोलावणं आल्यापासून तीन महिन्यांत समारंभ उरकावा लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला समारंभ नाही, त्याची रजिस्ट्रेशनची तारीख हीच नागरिकत्वाची तारीख. म्हणून घरात असा काळ येऊ शकतो, की मूल ब्रिटिश झालं आहे आणि आईवडील अजून भारतीय आहेत. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं, की दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्या दिवसानंतर त्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे, पासपोर्टवर मुदत कितीही उरलेली असो. आणि ब्रिटिश झाल्याक्षणी आयएलआरही संपतो, तेव्हा ई-व्हिसा दाखवून परत येऊ असाही हिशेब मांडू नका.

यातून एक पोकळी तयार होते: भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, ब्रिटिश पासपोर्ट अजून आलेला नाही, आणि तो आला तरी भारतासाठी व्हिसा किंवा ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) लागणार. मुंबईत घरचं लग्न, मुंज किंवा वडिलांचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर समारंभाची तारीख त्याच्यानंतरची मागून घ्या. मिळते. नाहीतर ब्रिटिश पासपोर्ट आल्या आल्या भारताचा ई-व्हिसा काढून या आणि ओसीआय परत गेल्यावर करा. आजीआजोबांनी तिकिटं काढून पाठवण्याआधी कोणाकडे त्या दिवशी कोणता पासपोर्ट असणार, हे माणसागणिक विचारून घ्यावं.

भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा तो व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत, प्रत्येकाचा वेगळा, मुलांचाही. पासपोर्ट रद्द होऊन परत मिळतो, सोबत सरेंडर सर्टिफिकेट. हे दोन्ही ओसीआयच्या अर्जात मूळ भारतीय असल्याचा पुरावा म्हणून लागतात. ओसीआयचा फोटो चौरस, ५१ बाय ५१ मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकट. ब्रिटिश पासपोर्टचा आयताकृती फोटो कापून चौरस केला की कपाळ तरी जातं किंवा हनुवटी, आणि अपलोड परत येतो. फोटो वेगळे काढा. अर्जातलं नाव ब्रिटिश पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तसंच.

मुंबईतल्या मालमत्तेची काळजी घरोघरी ऐकू येते. फ्लॅट आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुमच्याच नावावर राहतं, बँकेत आणि डीमॅटमध्ये नवं नागरिकत्व आणि नवा पासपोर्ट केवायसीत कळवायचा, पॅन तोच राहतो. मतदार यादीतलं नाव फॉर्म ७ भरून काढून टाकायचं, कारण मताचा हक्क उरत नाही. फ्लॅटच्या व्यवहारासाठी बाबांच्या नावे जुन्या पासपोर्टच्या क्रमांकाने केलेलं मुखत्यारपत्र असेल तर नव्या क्रमांकाने ते पुन्हा करून घेतलेलं बरं. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

गावच्या शेतजमिनीबद्दलची भीती मात्र बरीचशी चुकीच्या समजुतीतून आली आहे. शेतजमीन विकत घ्यायला ओसीआयधारकाला परवानगी नाही हे खरं, पण परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती विकत घेता येत नव्हतीच. वारसाहक्काने मात्र दोघांनाही मिळते. म्हणून सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागावं म्हणून वडील हयातीतच बक्षीसपत्र करणार असतील तर त्यांना थांबवा. शेतजमिनीचं बक्षीसपत्र परदेशस्थ मुलाच्या नावे चालत नाही. मृत्युपत्र चालतं.